दोनशे चाळीस दिवसांच्या अलीकडे

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला कान्ह्याच्या रेल्वे फाटकापाशी उभं राहिलं की आंदर मावळाची सगळी पोरं डोळ्यांखालून जातात. पुण्याकडून आलेल्या लोकलमधून उतरलेली टाकव्याच्या कंपन्यांकडे निघालेली असतात. टाकवे, वहाणगाव, भोयऱ्याकडून आलेली वडगाव, तळेगाव, चाकणकडे निघालेली असतात. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना मोटारसायकली, टमटम आणि कंपन्यांच्या बसगाड्या तुंबतात. करडा शर्ट, निळा शर्ट, कुणाच्या खांद्यावर नारिंगी पट्टी. शर्टावरून कंपनी ओळखावी म्हटलं तर ओळखू येते, पण गळ्यातलं कार्ड जवळून पाहा. बहुतेकांच्या कार्डावर कंपनीचं नाव नसतं, कंत्राटदाराचं असतं.

या गर्दीत माझा पुतण्या असतो. वय चोवीस, आयटीआय फिटर. चार वर्षांत त्याच्या पाच कंपन्या झाल्या. सध्या तो गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये आहे. काम कसं चाललंय विचारलं तर म्हणतो, “आठ तास भरतो, काका. सांगितलं तेवढं करतो.” आवाजात राग नसतो, तक्रारही नसते. गेल्या दिवाळीपासून हेच वाक्य मी आमच्या भागातल्या पोरांकडून इतक्यांदा ऐकलंय, की त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

2022 मध्ये एका अमेरिकन तरुणाच्या छोट्याशा व्हिडिओमुळे ‘क्वायट क्विटिंग’ हा शब्द जगभर गेला. राजीनामा द्यायचा नाही, पण नेमून दिल्यापेक्षा काडीचंही जास्त करायचं नाही. त्याच्या आदल्या वर्षी चीनमधल्या तरुणांनी ‘तांग पिंग’ म्हणजे ‘आडवं पडून राहणं’ हा शब्द काढला होता. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी हे सगळं नवीन म्हणून छापलं. पण मराठीला यासाठी शब्द उसना आणावा लागत नाही. पाट्या टाकणं. रोजंदारीवरचा मजूर मातीची पाटी उचलतो, नेऊन टाकतो, परत येतो. बांध नीट होतोय का, माती दबतेय का, हे बघणं त्याच्याकडे नाही. दिवस मावळला की हजेरी लागते. याहून जुना शब्द वेठ. वेठीला धरलेल्या माणसाला मोबदलाच नसायचा, म्हणून तो काम कसंबसं उरकायचा. त्यावरून ‘वेठ मारणं’ आलं. म्हणजे आपल्या भाषेला केव्हापासून ठाऊक आहे की काम कसं होतं, हे ते कोणत्या बोलीवर करून घेतलंय यावर असतं.

माझे वडील, म्हणजे पुतण्याचे आबा, 1978 मध्ये पिंपरीच्या एका कंपनीत लागले. पुणे-लोणावळा लोकल त्याच वर्षी 11 मार्चला सुरू झाली. आबांच्या पिढीसाठी लोकल आणि नोकरी ही जोडगोळीच होती. बत्तीस वर्षं ते कान्ह्याहून गेले. सहा महिन्यांनी कायम झाले, मग दर तीन वर्षांनी युनियनचा करार, दिवाळीचा बोनस, सोसायटीचं कर्ज, पंचवीस वर्षांनी कंपनीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ अजून आमच्या ओसरीवर चालतं. आबा प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होते, म्हणजे पत्रा कापायचा साचा, डाय, प्रेसवर बसवणारे. पाळी संपल्यावरही अर्धा तास थांबून पुढच्या पाळीच्या माणसाला डाय लावून देऊन मगच निघायचे. त्याचे पैसे कोणी देत नव्हतं. आई चिडायची. आबा म्हणायचे, “त्याला तास लागतो, मला दहा मिनिटं.” अर्ध्या तासापायी एक लोकल चुकायची, हे मात्र ते सांगत नसत.

त्या काळी सगळेच कामसू होते असं मी म्हणणार नाही. पाट्या टाकणारे त्यांच्या खात्यातही होते, आणि करार अडला की अख्खं खातं ठरवून हात आखडता घ्यायचं. पण आबांचा तो अर्धा तास कशावर उभा होता, हे मला फार उशिरा कळलं. आज लावलेली डाय उद्या, परवा आणि दहा वर्षांनीही आपल्याच हाताखाली असणार आहे, हे त्यांना माहीत होतं. खाल्ल्या मिठाला जागणं आपण म्हणतो खरं. पण मीठ रोजच्या ताटात असावं लागतं.

आता पुतण्याचं ताट बघू.

महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत तरतूद होती, की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत सलग 240 दिवस काम केलं तर त्याला कायम करायचं. कामगाराच्या बाजूने विचार करून केलेली तरतूद. 240 दिवस म्हणजे आठ महिने. त्यातून आमच्या पट्ट्यात काय उगवलं? सात महिन्यांची नोकरी. सात महिने भरले की ब्रेक, मग दुसरा कंत्राटदार, दुसरी कंपनी, कधी तीच कंपनी दुसऱ्या कार्डावर. चाकण, तळेगाव, टाकवे, रांजणगाव, कुठल्याही चहाच्या टपरीवर ‘सात महिने’ म्हणा, पुढचं कोणाला सांगावं लागत नाही. मुलगी बघायला गेल्यावरही हाच प्रश्न येतो: पर्मनंट की सात महिने?

‘महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, 1971’ हा कायदा मी या लेखासाठी पुन्हा उघडला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामगार संघटनांच्या अनुचित प्रथांची यादी आहे. तिथे मुद्दाम संथगतीने काम करणं, ज्याला कारखान्यात ‘गो-स्लो’ म्हणतात, ते गुन्ह्याच्या ओळीत बसवलंय. पान उलटलं की चौथी अनुसूची, मालकांच्या अनुचित प्रथांची. तिच्या सहाव्या कलमात लिहिलंय की कामगारांना कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षं बदली, हंगामी किंवा तात्पुरतं म्हणून ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. एकाच कायद्यात, एका पानाच्या अंतरावर. संथ काम लगेच दिसतं, कारण उत्पादनाचा आकडा फलकावर असतो. सात महिन्यांची फिरती मात्र कागदावर कधी ‘वर्षानुवर्षं’ दिसतच नाही, कारण प्रत्येक वेळी कार्ड नवं असतं.

हा प्रकार काही आमच्या मावळापुरता नाही. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग सर्वेक्षणानुसार या शतकाच्या सुरुवातीला देशातल्या कारखान्यांत साधारण पाचातला एक कामगार कंत्राटी होता. 2022-23 मध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर गेलं. 2001 मध्ये ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी त्या कामगारांना आपोआप कंपनीत सामावून घ्यावं लागत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आता ठरावीक मुदतीच्या कामगाराला पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. चांगलं झालं. पण सात महिने वर्षाच्याही अलीकडेच येतात.

आता मला प्रेस शॉपमधली गोष्ट जरा जवळून सांगायची आहे, कारण ‘सांगितलं तेवढं’ म्हणजे नेमकं किती, हे तिथे कळतं.

पॉवर प्रेसवर पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची. पंच खाली येतो, भोक पडतं, तुकडा निघतो. दर तासाला इतके स्ट्रोक, ठरावीक नगांनंतर एक नग गेजमध्ये घालून पाहायचा, नोंद करायची. नेमून दिलेलं काम एवढंच. पण पंच हजारो नग मारून मारून बोथट होत जातो. धार असली की पत्रा कापल्याचा आवाज कोरडा येतो. बोथट झाला की तोच आवाज जड, दबका होतो. कापलेल्या कडेला बारीक कंगोरा उठायला लागतो. त्याला कारखान्यात ‘बर’ म्हणतात. गेजमध्ये नग अजून पास होत असतो, पण अंगठ्याला तो बर आधी कळतो. जुने लोक नग ट्रेमध्ये टाकता टाकता कडेवरून अंगठा फिरवायचे. हे कोणत्याही कार्यसूचनेत लिहिलेलं नसतं. त्या एका अंगठ्यामुळे डाय वेळेवर टूल रूमला जाते आणि पुढचे दोन हजार नग भंगारात जायचे वाचतात.

गेल्या पावसाळ्याआधी पुतण्याने त्याच्या कंपनीतला एक टाकाऊ नग घरी आणला होता, खिडकीच्या बिजागरीला पाचर म्हणून. ओसरीवर पडला होता. आबांनी उचलला, सवयीने कडेवरून अंगठा फिरवला.

“पंच गेलाय की रे.”

“माहितीये, आबा. चार दिवस झाले.”

“मग सांगितलं नाहीस?”

“कोणाला सांगू? लाइनवाला म्हणतो नग मोज. डाय काढली तर दीड तास मशीन बंद. टार्गेट माझंच पडणार.”

आबा गप्प बसले. अंगठा मात्र बराच वेळ त्या कडेवर फिरत होता.

या संवादानंतर ‘पाट्या टाकणं’ हा शब्द मी त्या पोरासाठी वापरणं सोडून दिलं. त्याला बर कळला होता. चार दिवसांपूर्वीच कळला होता. हुनर होतं, नजर होती, कान होता. त्याने ते स्वतःपाशी ठेवलं. जी माहिती दिल्यावर आपलंच नुकसान होतं, ती माणूस किती दिवस देत राहील? कंपनीने त्याचे दिवस मोजले, त्याने आपलं काम मोजलं. दोघांनीही एकच गणित केलं.

आणि ‘नेमून दिलेलं’ खरोखर जसंच्या तसं केलं तर काय होईल, तेही पाहण्यासारखं आहे. नियमात लिहिलेलं असतं की सुरक्षेची जाळी लावल्याशिवाय प्रेस चालवायची नाही, सेन्सर बिघडला तर मशीन थांबवायचं. हे अक्षरशः पाळलं तर अनेक ठिकाणी तासाचं टार्गेट बसतच नाही. टार्गेट लावतानाच गृहीत धरलेलं असतं की कामगार थोडं वाकून, थोडं घाईने, थोडा जीव धोक्यात घालून भागवेल. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यात पुन्हा पुन्हा येणारं यंत्र पॉवर प्रेस आहे, आणि पुन्हा पुन्हा जाणारी गोष्ट हाताची बोटं. ज्या पोराची दहा बोटं शाबूत घरी येतात, तो ‘सांगितलं तेवढंच’ करत असेल तर मला त्याच्या आईच्या जागी बसून बरंच वाटेल.

फ्रेडरिक टेलरने 1911 मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाचं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती, की कामगार जमतं त्यापेक्षा जाणूनबुजून कमी काम करतात. त्याने घड्याळ घेऊन हालचाली मोजल्या आणि तो कारखान्यांचा गुरू झाला. त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी, 1889 मध्ये, ग्लासगोच्या गोदी कामगारांनी जे केलं ते मला जास्त शिकवून जातं. संप हरला. संपकाळात मालकांनी शेतमजूर आणून माल चढवला-उतरवला होता. त्यांना धड चालता येत नव्हतं, माल पडत होता, तरी मालक म्हणाले की आम्ही त्यांच्यावर खूश आहोत. संघटनेने मग सांगितलं, जा कामावर, आणि त्यांच्यासारखंच करा. थोड्याच काळात मालकांनी पूर्वीसारखं काम करण्याची विनंती केली आणि मागितलेली वाढ दिली. गोदीवाल्यांनी काहीही मोडलं नाही. त्यांनी फक्त आपलं कौशल्य घरी ठेवलं.

पण ती संघटना होती. एकमेकांना ओळखणारी, वर्षानुवर्षं एकाच धक्क्यावरची माणसं. सात महिन्यांच्या पोरांची संघटना कशी व्हावी? ओळख होईपर्यंत ब्रेक येतो. म्हणून आजचं हे कमी काम करणं एकट्याचं आहे, मुकं आहे. त्यातून मागणी निघत नाही, करार निघत नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

मग तुम्ही म्हणाल, कायम झालेल्यांचं काय? त्यांचं तरी इमान फळाला आलं का? कान्ह्याहून लोकलने दोन स्टेशनं पुण्याकडे गेलं की तळेगाव. तिथे 2008 मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. मावळातल्या कितीतरी घरांत तेव्हा पेढे वाटले गेले. 2017 संपता संपता कंपनीने भारतात शेवरोले गाड्या विकणं थांबवलं. त्यानंतर तीन वर्षं तळेगावची माणसं अशा गाड्या बांधत होती, ज्या त्यांच्या गावातल्या कोणाला विकत मिळणार नव्हत्या, सगळ्या निर्यातीला. मला त्या तीन वर्षांचं फार नवल वाटतं. कंपनी देशाच्या बाजारातून निघून गेलीय हे रोज दिसत असताना त्यांनी नट आवळले, रंग दिला, गाड्या पास केल्या. डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबलं. एप्रिल 2021 मध्ये 1419 कामगारांना ले-ऑफ दिला गेला. आधी चीनची ग्रेट वॉल मोटर्स कारखाना घेणार होती, तो व्यवहार बारगळला. ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईने करार केला. जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांचा तो करार होता. माणसं त्यात नव्हती. कोर्ट, कामगार कार्यालय, मोर्चे, उपोषण यांत त्यांची वर्षं गेली.

त्याआधी, सप्टेंबर 2007 मध्ये, आकुर्डीला बजाजने स्कूटरच्या काळापासून चालत आलेलं उत्पादन थांबवलं, तेव्हा अडीच हजारांहून अधिक कायम कामगार होते. पगार चालू होता, पण काम नव्हतं. हातात काम नाही आणि महिन्याला पैसे जमा होतायत, याने ती माणसं किती कासावीस झाली होती ते त्या वेळी लोकलच्या डब्यात आबांनी ऐकलेलं आहे. काम टाळणं हा माणसाचा स्वभाव असता तर त्यांनी ते दिवस आनंदात काढले असते.

पुतण्या या दोन्ही गोष्टी ऐकत मोठा झाला. म्हणून तो म्हणतो, “पर्मनंट होऊन तरी काय, काका?” त्याला उत्तर देताना माझी जीभ जड होते.

वरच्या मजल्यावरची भाषा वेगळी असते. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं गाजलं. आमच्या फाटकावरची पोरं आधीच ओटी धरून साठ-सत्तर तास भरतात. तासांची कमतरता नाही. तासात घालायचा जीव कुठून आणायचा, एवढाच प्रश्न आहे.

या सगळ्यात गमावतंय कोण? कंपनीचे नग भंगारात जातात, हे मी सांगितलंच. पण सात महिन्यांच्या पोराला कोणी काही शिकवत नाही. शिकवणाऱ्या सेटरला माहीत असतं की हा ऑगस्टात जाणार. मग डाय कशी बसवायची, शिम कुठे घालायची, आवाज कसा ऐकायचा, हे सांगण्यात तो वेळ का घालवेल? आणि पोरगाही का विचारेल? आबांना त्यांच्या वेळच्या एका कोल्हापूरकडच्या मिस्त्रीने तीन वर्षं हाताखाली ठेवून शिकवलं होतं. आबांनी पुढे चौघांना तयार केलं. पाच कंपन्या पाहिलेल्या पुतण्याने एकही डाय स्वतः लावलेली नाही. त्याला येतं ते आबांच्या ओसरीवर ऐकून. चाळिशीला तो कंत्राटदाराच्या उपयोगाचा राहणार नाही, तेव्हा हातात काय असेल? कमीत कमी काम करून तो आज स्वतःला वाचवतो, हे खरं. आणि त्याच कमीत कमीत त्याची शिकायची वर्षं निघून जातात, हेही तितकंच खरं. त्याला मी दोष देत नाही. मला नुसती काळजी वाटते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे भाताची लावणी होती. इंद्रायणी, इथलीच, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेला वाण. मजूर मिळत नाहीत, म्हणून आमच्या वाडीत अजून सावड चालते. आज सगळी घरं आमच्या खाचरात, उद्या त्यांच्या. पैसे नाहीत. दुपारची भाकरी ज्याचं शेत त्याची. पुतण्याने शुक्रवारी रजा टाकली. कंत्राटी माणसाची रजा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला.

पाऊस आडवा लागला होता. सकाळपासून सगळे वाकलेले. दुपारच्या सुमाराला मी पाहिलं, शेजारच्या एका नवख्या पोराने रोपं फार खोल दाबली होती. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. पुतण्या आपली ओळ सोडून तिकडे गेला. एकेक चूड हलक्या हाताने उपसून, दोन-तीन काड्या वेगळ्या करून, दोन बोटांच्या पेराएवढीच आत, पुन्हा लावत गेला. सबंध ओळ. त्या पोराला शेजारी वाकवून दाखवलंही: बोट इथवर, याच्या खाली नाही. त्यात त्याचा पाऊण तास गेला. त्याची स्वतःची ओळ मागे राहिली, ती त्याने अंधार पडताना पुरी केली. आबा बांधावर इरलं घेऊन बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं, बोलले काही नाहीत.

घरी येऊन पाय धुताना त्याचा मोबाइल वाजला. कंत्राटदाराच्या ग्रुपवर निरोप होता: रविवारी ओटीला कोण येणार, नावं टाका. त्याने वाचलं आणि मोबाइल खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात ठेवला. रविवारी पलीकडच्या वाडीत लावणी होती. त्यांची सावड फेडायची होती.